जनीला परत आणा

कृष्णाबाई,

एमिलीने तुम्हाला वाचायला शिकवलं, म्हणून लिहून ठेवतो. कालपासून मार्था बाटलीचं दूध घेत नाही. आता रडतही नाही. मी पहिल्या होडीने आगरदांड्याला उतरून मुरूडहून डॉक्टर आणतो. थोरली रूथ पाळण्याजवळ बसली आहे.

तुमच्या सुनेने, जनीने, मार्थाच्या मनगटाला काळा दोरा बांधला. मी तो कापला आणि तिला हाकललं. दोन वर्षं इथे येशूची माया सांगतो, आणि माझ्याच पोरीला पाजणारीला हाकललं. मार्थाच्या आईला, एमिलीला, जाऊन महिनाही झाला नाही. ही जायला नको.

तुमच्या दारात यायला मला तोंड नाही. जनी येत नसेल, तर मार्थाला तुमच्याच घरी न्या.

दोरा माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो बांधा. लहान पडला तर नवा बांधा.

थॉमस