गाडीतलं बिऱ्हाड

नाना,

मी गाडीत राहायला निघाले आहे आणि दादाला ते पटलेलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही पटलं नसतं. कदाचित दादापेक्षा तुम्हीच जास्त चिडला असतात, म्हणून हे तुमच्या तोंडावर सांगायची वेळ आली नाही याचं मला थोडं बरंही वाटतं. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकाऊ नर्स होते. आता दवाखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आहे. लग्न केलं नाही, हेही तुम्हाला माहीत नाही. सगळी नोकरी नगरमध्ये झाली, बहुतेक एकाच वॉर्डात. एका खिडकीतून सायकल स्टँडचे पत्रे दिसायचे, दुसरीतून नुसती भिंत. शेवटी शेवटी सुट्टीच्या दिवशीसुद्धा माझे पाय आपोआप त्याच रस्त्याला लागत. एकदा अशीच अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि ठरवून टाकलं, की नोकरी संपली की एका जागी राहायचं नाही.

गाडी म्हणजे जुनी डिझेल जीप आहे, उंच आणि बंद टपाची. पाथर्डी-शेवगाव रस्त्यावर शिटं भरून धावलेली. मागची सगळी बाकं मी काढून टाकली. त्यासाठी आरटीओत घातलेल्या फेऱ्या सांगत बसत नाही. केडगावच्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, त्यावर जाड प्लायवूड, त्यावर गादी. गादी उचलली की खाली कप्पे आहेत, भांड्यांचे, कपड्यांचे, औषधांचे. मागचं दार उघडलं की एक फळी बाहेर सरकते, तोच माझा ओटा. त्यावर एका बर्नरची शेगडी. टपाला आतून फोम लावला, बाहेरून सोलरचं पॅनेल, खिडक्यांना डासांची जाळी. आणि गादीमागे पाण्याची मोठी टाकी बसवली, तिचा मला फार अभिमान होता. नळ सोडला की गाडीत पाणी येतं, हे मी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं.

हे सगळं करताना मला तुमची ऊसतोडीची बैलगाडी आठवत होती. दसरा होतो आणि गावातल्या गाड्या भरायला लागतात. तुम्ही आधी पेटी ठेवता, मग आई तवा, परात, पिठाचा डबा देते, मग गोधड्या. दादा वर चढून बसतो. मी आत्याच्या दारात उभी. मला शाळा आहे, म्हणून मला न्यायचं नाही. ऊस संपेपर्यंत तुम्ही सगळे तिकडे, कारखान्याच्या बाजूला, आणि मी इथे. एका वर्षी मी गोधड्यांच्या गाठोड्यामागे लपून बसते. गाडी हलते, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, आणि मला वाटतं, जमलं. ओढ्यापाशी तुम्हाला मी सापडते. तुम्ही मला काखेत धरून खाली उतरवता, मारत नाही. ‘तुजं घर शाळंत हाय,’ तुम्ही म्हणता. ‘गाडीत न्हाई. पुन्यांदा चढलीस तर तंगडं मोडीन.’ मग गाडी जाते. मी चालत परत येते.

परत येताना तुम्ही माझ्यासाठी चपला आणायचात. त्या मला दर वर्षी लहान व्हायच्या, कारण निघताना पाहिलेल्या पायाच्या मापानं तुम्ही त्या घ्यायचात. मी बोटं दुमडून त्या घालायची आणि बरोबर बसल्या म्हणायची. मी सातवीत असताना मात्र तुम्ही चपला न घेता, लंगडत परत आलात. विहिरीच्या पायरीवरून घसरलो, म्हणालात. पुढे शिकाऊ असताना मी एकदा तुमचा तो पाय मांडीवर घेतला. हाडं आडवी चेपून बसली होती. ‘नाना, पडल्यावर पाय असा होत नाही,’ मी म्हणाले. ‘विहीर लई खोल हुती,’ असं म्हणून तुम्ही पाय ओढून घेतलात.

तर दादा. मागच्या महिन्यात तो आईला डोळे दाखवायला नगरला घेऊन आला. अंगणात जीप उभी होती, मागचं दार उघडं, आणि मी शेगडीवर चहा ठेवला होता. म्हटलं, बघून खूश होतील. आई फळीवरून हात फिरवत राहिली. दादा दोन्ही हात मागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

‘हे काय मांडलंय?’

‘घर,’ मी हसून म्हणाले. ‘आता मी यात राहणार. फिरत राहणार.’

‘किती दिवस?’

‘कायमची. जमेल तोवर.’

त्यानं चहाचा कप घेतला नाही. ‘त्या गाडीतनं आपल्याला भाईर काढाया नानानं हाडाची काडं केली,’ तो म्हणाला. ‘आन् तू शिकलीसवरलीस, आन् हौसंनं गाडीत चाललीस व्हय?’

‘ती गाडी वेगळी, दादा. ही वेगळी.’

‘तुला काय म्हाईत ती गाडी? तू कवा हुतीस तिच्यात?’

हे मला लागलं. मी म्हणाले, ‘तुम्ही नेलं नाहीत म्हणून नव्हते.’ दाराजवळ खिळ्याला गाडीची चावी लटकत होती, ती त्यानं काढली आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकून बटण लावलं. मी चावी मागितली. तो नाही म्हणाला. मी पुन्हा मागितली. आम्ही दोघं साठीकडे झुकलेली माणसं अंगणात समोरासमोर उभी, आणि त्याचा हात खिशावर. मी लहान असते तर झोंबले असते. मी हातातला कप खाली ठेवला.

आई मागच्या फळीवर टेकून बसली होती. ‘चावी दे तिची,’ ती म्हणाली. ‘आमाला हिच्यातच गावी सोडू दे. मी बसून बघते. मंग काय भांडायचं ते भांडा.’ दादाला आईला माझ्यासोबत एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून तोही पुढे बसला. आई मागे गादीवर. करंजीच्या घाटापर्यंत नुसता टाकीतल्या पाण्याचा आवाज.

घाट उतरायला लागलो तेव्हा पहिल्या वळणावर ब्रेक मला मऊ लागला. वाटलं, पाय नीट बसला नसेल. दुसऱ्या वळणावर दाबला तर पाय थेट खाली गेला, चिखलात जावा तसा. काही नाही. पुन्हा दाबला, पुन्हा काही नाही. पुढे एसटी होती, आणि समोरून भरलेला ट्रक वर चढत होता. माझ्या तोंडून एवढंच निघालं, ‘दादा, ब्रेक नाही.’

दादा ओरडला नाही. ‘तिसरा टाक,’ तो म्हणाला. मी गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, गाडी थोडी अडखळली, पण मागून टाकीतलं पाणी डचमळत गाडीला पुढे ढकलत होतं. ‘दुसरा. दुसरा टाक!’ दुसरा पडेना. दात खरवडल्यासारखा आवाज, आणि एसटीची पाठ मोठी होत चाललेली. तिच्या मागच्या काचेतून एक बाई आमच्याकडे पाहत होती, तिचा चेहरा मला अजून दिसतो. दादानं हँडब्रेक धरला आणि एकदम न ओढता हळूहळू वर घेत गेला. दुसरा पडला. ट्रक बाजूनं निघून गेला. डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामाचा मुरूम ओतलेला होता, तो आम्हा दोघांना एकदमच दिसला असावा, कारण स्टिअरिंगवर माझे हात होते आणि माझ्या हातांवर त्याचे. गाडी मुरमात घुसली, तिरकी झाली आणि थांबली. मागे भांडी पडत राहिली, मग तीही थांबली.

‘आई?’ मी म्हणाले.

‘हाय,’ मागून आवाज आला.

ब्रेकचा एक जुना रबरी पाइप फुटला होता, हे नंतर कळलं. त्या वेळी मी नुसती बसून राहिले. दादा मात्र उडी मारून उतरला आणि दगड आणायला लागला. एक पुढच्या चाकाला लावला, एक मागच्या. मग दुसऱ्या बाजूला. गाडी मुरमात रुतली होती, तिला दगडांची गरजच नव्हती. तरी तो आणतच राहिला. एका चाकाला चार-चार दगड. धापा टाकतोय, धोतराचा सोगा सुटलेला, हाताला खरचटलेलं, आणि पुन्हा वाकून दगड उचलतोय. ‘पुरं रे,’ आई म्हणाली. तो थांबला नाही. ‘पुरं, लेकरा,’ ती म्हणाली, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. आणि नाना, तो रडायला लागला. मी त्याला तुमच्या अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं.

‘आता तरी सांग तिला,’ आई म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. हाच घाट. ऊस संपवून गाडी परत निघालेली. बैल दमले म्हणून तुम्ही ते सोडलेत, गाडीला पुढून टेकू दिलात आणि दादाला चाकाला दगड लावायला सांगितलंत. ‘मला थोरला दगुड उचलंना,’ दादा म्हणाला. ‘मी बारका लावला. म्हनलं चालंल.’ आई गाडीत गोधड्यांवर झोपली होती, तिला ताप होता. टेकू सरकला, दगड चाकाखालून निसटला आणि गाडी उताराला लागली. तुम्ही धावलात आणि चाकापुढे पाय घातलात. दुसरं काही घालायला नव्हतं. तिथून गाडी वळली आणि डोंगराला टेकली. ‘नाना मला एक शबुद बोलला न्हाई,’ दादा म्हणाला. ‘नुसता म्हनला, धाकलीला सांगू नगं. ती शाळा सोडून यील.’

मी त्या पायाला मिठाचा शेक दिला आहे, नाना. कितीतरी वेळा. विहिरीवर रागावले आहे. पायऱ्यांना कठडा का नाही, म्हणून सरपंचांशी भांडायला निघाले होते, तेव्हा तुम्हीच मला अडवलंत. सगळ्या घराला माहीत होतं आणि मला नव्हतं. घाटात त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो राग दादावर नव्हता, तुमच्यावर होता. मी खरंच शाळा सोडून आले असते, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं, याचाही राग आला.

दादा तेव्हापासून ‘जाऊ नको’ म्हणाला नाही. ‘जा’ही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात येऊन बसला आणि ब्रेकचे सगळे पाइप बदलेपर्यंत हलला नाही. मग त्यानं माझी पाण्याची टाकी काढायला लावली. ‘दोन कॅन बास झाले. पानी सगळीकडं मिळतं.’ प्लायवूड काढून हलक्या पट्ट्या टाकायला लावल्या. मी टाकीसाठी थोडी भांडले, पण मनापासून नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं गावाहून बाभळीच्या लाकडाच्या चार पाचरी तासून आणल्या. चांगल्या मोठ्या, दोन हातांनी उचलाव्या लागतील अशा. त्या पुढच्या सीटखाली ठेवल्या. मी इंजिन चालू केलं तेव्हा तो फाटकाशी उभा होता. मी काच खाली करून म्हटलं, ‘दादा, येतोस का चार दिवस?’ त्यानं मान हलवली. ‘मी राह्यलोय गाडीत,’ तो म्हणाला. ‘तू जा.’

आज पहिला मुक्काम. बेलापूरच्या पुढे एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या गोठ्याशेजारी गाडी लावली आहे. अजून ऊन आहे. चाकांना पाचरी लावल्या, मागचं दार उघडलं, खिचडी टाकली. पलीकडच्या मोकळ्या रानात ऊसतोडणीची टोळी उतरली आहे, त्यांच्या पाचटानं शाकारलेल्या बुटक्या कोप्या इथून दिसतात. मघाशी त्यातली एक बाई हंडा घेऊन गोठ्याच्या नळावर आली. माझ्याएवढीच असेल, किंवा बरीच लहान, उसातल्या बाईचं वय सांगता येत नाही. ती थांबून गाडीत वाकून पाहत राहिली. गादी पाहिली, जाळी पाहिली, शेगडी पाहिली.

‘कुठल्या म्हनायच्या, बाई?’

‘पाथर्डीची.’

‘आमीबी तिकडचेच.’ तिला बरं वाटलं. मग तिनं आवाज खाली आणला, जसा आजारी माणसाजवळ आणतात. ‘यकट्याच ऱ्हाता ह्याच्यात? घर न्हाई का तुमाला?’

नगरमध्ये माझ्या नावावर दोन खोल्या आहेत, त्या मी एका ओळखीच्या नर्सला राहायला दिल्या आहेत. गावात तुम्ही बांधलेलं घर आहे, त्यात आई आहे, दादा आहे. मी मनात आणलं तर उद्या दुपारी तिथे जेवायला असेन. ती हंडा कमरेवर घेऊन वाट पाहत होती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. दादाचा फोन येऊन गेला, त्याला सगळं छान आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरंही आहे. त्या बाईचं मात्र त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. तिनं विचारलं, घर न्हाई का, आणि मी न्हाई म्हणाले.