चार डबे टिकल्या

प्रिय फर्गस,

हे पत्र मी ऑक्टोबरपासून लिहितेय असं म्हटलं तर ते खोटं होईल. ऑक्टोबरपासून मी ते लिहायचं टाळतेय. आधी क्वीन्सलंडात आंबे उतरवत होते, चिकाने बोटं भाजली होती, पेन धरवत नव्हतं. मग द्राक्षांच्या मळ्यावर गेले, तर तिथे तंबूत लाल मुंग्या. मुंग्यांचा पत्राशी काय संबंध असं तू विचारशील. काही नाही. कारणं मला लहानपणापासून पटापट सुचतात, उत्तरं सुचत नाहीत, म्हणून तर दहावीनंतर शाळेने मला हसत हसत निरोप दिला. तू फोन उचलत नाहीस, उचललास तरी "मी ठीक आहे, कीली" एवढं म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद. खाणीवरच्या पत्त्यावर टपाल पोचायला दहा दिवस लागतात म्हणे. लागू देत.

तर मी आत्ता आपल्या गावात आहे. टेकडीवरच्या लाकडी चर्चच्या दारासमोर कडेला, व्हर्ना नावाच्या फोटोवालीच्या व्हॅनमध्ये, मांडीवर तिच्या कॅमेऱ्याची पेटी घेऊन त्यावर लिहितेय. आत टॅम्सिन आणि रीसचं लग्न लागतंय. जिच्या बोटात दोन वर्षं तुझी अंगठी होती ती टॅम्सिन, आणि तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी उभा राहणार होता तो रीस. तारीख आईने तुला कळवलीच असेल. पाद्रीबाई लांबण लावतात, त्यामुळे पाऊण तास माझा आहे.

मी इथे काय करतेय, तर नोकरी. फेब्रुवारीत घरी परतताना माझी गाडी रस्त्यात बंद पडली, तेव्हा ही व्हर्ना थांबली. साठीची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आवाज मात्र डोंगराला ऐकू जाईल असा. म्हणाली, "दोन हात आहेत ना? मग चल, माझ्या पिशव्या उचल." लग्नांचे फोटो काढते. त्याआधी तीस वर्षं ती जत्रेतल्या बक्षिसाच्या बैलांचे फोटो काढायची. तिचं म्हणणं, बैलाला एकदा उभं केलं की तो उभा राहतो, नवऱ्याच्या मावशीला दहादा सांगावं लागतं. तिने कामं वाटून घेतली आहेत. कॅमेरा तिचा, आणि टिकल्यांची उधळण माझी. वर-वधू चर्चमधून बाहेर पडतात तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक उधळतात ना, ते. वाटतं तेवढं सोपं नाही ते. उंच, लांब हाताचे लोक पुढे घ्यायचे, म्हातारे आणि पोरं मागे. वारा जोडप्याच्या पाठीवर पाहिजे, नाहीतर सगळं त्यांच्या दातांत जातं. समोर नाही, वर उडवायचं. आणि सगळ्यांनी एकदम नाही, जोडपं आपल्यासमोर आलं की आपली मूठ. त्यांनी दहा पावलं सावकाश यायचं आणि सहाव्याला थांबून मुका घ्यायचा. आपल्या टेकडीवर दुपारी नदीवरून वारा चढतो हे मला ठाऊक, व्हर्नाला नाही, म्हणून या वेळी रांगा कुठे लावायच्या हे मीच ठरवलं. ती खूश झाली. म्हणाली, "पोरी, तुला डोकं आहे, उगाच आंबे तोडत बसलीस."

हे लग्न कुणाचं ते व्हर्नाने सांगितलं तेव्हा मी काम सोडणार होते, खरंच. पण तीन आठवड्यांपूर्वी टॅम्सिनची आई तिच्याकडे सामान घेऊन आली. लोरेन कशी बोलते माहीत आहे तुला, जणू समोरच्यावर उपकार करतेय. चार आइस्क्रीमचे डबे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "उधळायचं विकत नको घेऊस, व्हर्ना. माझ्याकडे तयार पडलंय. चर्चला कागद चालत नाही, तांदूळ चालत नाहीत, हे मात्र चालेल. कुजणारं आहे." मी मागे पिशव्या लावत होते. झाकण उघडलं आणि मला वास आला. वाळलेल्या निलगिरीचा, आणि त्यात थोडा आपल्या स्वयंपाकघराचा.

आईने पाडलेल्या टिकल्या होत्या त्या, फर्ग. तुला आठवत असेल, तू खाणीवरून सुट्टीला आलास की दर रविवारी फांद्या आणून टाकायचास. राखाडी पानं वेगळी, लालसर वेगळी, आणि ती जूनपासून अख्खा हिवाळा टेबलाशी पंच मशीन घेऊन बसलेली. संधिवाताने बोटं वळत नव्हती तर तळहाताने दाबायची. रीससुद्धा दोन संध्याकाळी आला होता मदतीला. वीसेक पानं पाडली आणि तिचा अर्धा केक खाल्ला. "मर्लीन, तुमच्या हातचा केक खायला तरी फर्गसचं लग्न लांबलं पाहिजे," म्हणाला होता, आणि आई हसून लाल झाली होती. मग लोरेनचं कोठार कोरडं म्हणून डबे तिच्याकडे ठेवायला दिले, आणि ऑक्टोबरात लग्न मोडल्यावर ते परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आईच्या आलं असेल आणि तिला मागायला जड गेलं असेल.

डब्याच्या झाकणावर आईने लिहिलं होतं, "फर्गससाठी. ओलं करू नये." लोरेनने फर्गसवर एक रेघ मारली होती आणि वर रीस लिहिलं होतं. बाकी तसंच ठेवलं. ओलं करू नये हे रीसलाही लागू. मग तिची नजर माझ्यावर गेली. दचकली नाही. म्हणाली, "अगं, कीली. बरं झालं तू आहेस. एवढं सुंदर केलंय तुझ्या आईने, फुकट कशाला घालवायचं? कळलं तर तिला बरंच वाटेल." मी म्हटलं, हो, वाटेल की. आणि त्याच क्षणी मी नोकरी न सोडायचं ठरवलं.

गुरुवारी तालीम झाली. टॅम्सिनच्या फोनवर उधळणीच्या याच एका क्षणाचे चाळीस फोटो साठवलेले, परक्या नवऱ्या-नवरींचे. म्हणाली, "बाकीचे कसेही येऊ देत, हा एक मला हवाच. भिंतीएवढा करून लावणार आहे." मग व्हर्ना वारा बघायला गेल्यावर माझ्याजवळ सरकली. "किल्स, तू आहेस म्हणून मला धीर आहे. रागावली नाहीस ना?" मी तिचा पदर, म्हणजे तो मागे लोळणारा झगा, उचलून धरला होता. म्हटलं, "मी कशाला रागावू? हनुवटी वर ठेव, मान लांब दिसते." मान लांब दिसते हे खरंच आहे. झगा पुढून मागून बराच खोल कापलाय. मला ती मान चांगली मोकळी हवी होती.

कारण भिंतीएवढा तो फोटो मी तिला देणार आहे. आईचे चारही डबे इथे व्हॅनमध्ये आहेत, माझ्या पायाशी, तिपाईच्या पिशवीखाली. त्यातली एकही टिकली त्या दोघांच्या डोक्यावर पडणार नाही. टोपल्यांत आहेत त्या मी पाडलेल्या, चार दिवस, रोज रिकाम्या वेळात, तळहाताला फोड आलाय. टोपल्या सहा. त्यातल्या दोनांत मी जंगली गुलाबाच्या फळांतली खाजरी, केसांसारखी कूस कालवली आहे. तूच शिकवलंस मला ते, मी सहावीत असताना माझ्या कॉलरमध्ये टाकून. फळं आत्ता ओढ्याकाठी लालभडक पिकली आहेत, बादलीभर आणली, फोडून बिया काढल्या, कूस वाळवली. कोपरावर लावून पाहिली. पंधरा मोजेपर्यंत काही नाही, मग अशी खाज सुटते की माणूस नाव विसरेल. म्हणजे पहिल्या पावलाला पडली तर बरोबर सहाव्याला, मुक्याच्या वेळी. कूसही कुजणारीच, पाद्रीबाईंचा नियम मोडत नाही.

त्या दोन टोपल्या मी फुटबॉल क्लबच्या पोरांसाठी ठेवल्या. लांब हातांचे म्हणून त्यांनाच पुढे उभं करायचं, व्हर्नाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती पोरं तुझ्याबरोबर खेळली, तुझ्या गाडीतून सामन्यांना गेली, आणि त्यांना सगळं माहीत होतं. हिवाळा संपायच्या आधीपासून माहीत होतं. सकाळी मी त्यांना जागा दाखवत होते तर तो जाडा डिग्बी म्हणतो, "फर्गसला काही बोललो नाही आम्ही. कोण सांगणार? उगाच वाईटपणा." दुसरा म्हणाला, "त्याचं त्यालाच कळायला हवं होतं ना. आंधळा होता का?" आणि हसले. मी त्यांना म्हटलं, मुठी गच्च भरा हं, आणि हातात चांगलं चोळून उडवा, म्हणजे सुटं पडतं. हा बेत केल्यापासून मला तीन आठवडे इतकी छान झोप लागतेय की काय सांगू. व्हॅनचं हीटर मोडलंय तरी. त्या हीटरची एक वेगळीच गोष्ट आहे, पण राहू दे, आत शेवटचं प्रार्थनागीत चालू झालंय, आणि मी अजून ज्यासाठी पेन उचललं ते लिहिलंच नाही.

सप्टेंबरात मी आईच्या वाढदिवसाला तीन दिवस आले होते, तू तेव्हा खाणीवर होतास. दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी धक्क्यावर गेले, मासळी आणायला. रीसच्या बोटीत टॅम्सिन बसली होती. त्याचा स्वेटर अंगात, पाय त्याच्या मांडीवर, आणि तो टॉवेलने एकेक बोट पुसत होता. काही चोरटं नव्हतं त्यात, तेच वाईट होतं. लग्न होऊन दहा वर्षं झाल्यासारखं पुसत होता. टॅम्सिनला मी दिसले. तिने नुसती मान हलवली, नको अशी. मी मासळी घेतली आणि घरी आले. आई चौथा डबा भरत होती. म्हणाली, "बस गं जरा, हात लाव, एवढा झाला की पुरे." मी बसले. तिच्यासमोर तासभर पानं पाडली, फर्गस, सगळं माहीत असून. तिने विचारलं, "गप्प का आज?" मी म्हटलं, दाढ दुखतेय. दुसऱ्या सकाळी मी बोटीने निघून गेले आणि आंब्यांपर्यंत थांबले नाही. तुला महिनाभर आधी कळलं असतं. निमंत्रणं गेली नसती, तू गावात सगळ्यांना सूट दाखवत हिंडला नसतास, चौथा डबा भरला नसता. डिग्बीला मी कूस दिली कारण तो गप्प बसला. मी पण गप्पच बसले, आणि तू तर माझा सख्खा भाऊ. हे सांगायला लिहायला बसले होते, आणि सूड उगवून झाल्यावर सांगितलं तर तुला कमी लागेल असा माझा हिशेब होता.

फाटकापाशी आत्ता एक पांढरी भाड्याची गाडी थांबली. मला वाटलं, कुणी उशिरा आलेला पाहुणा. पण उतरलास तू. खाणीवरचंच नारिंगी जाकीट, दाढी वाढलेली, मान उन्हाने करपलेली. व्हॅनची काच मळकी आहे, तुला मी दिसत नाहीये. तू रिकाम्या रांगांच्या मधून चालत आलास, डिग्बीच्या जागेवर उभा राहिलास आणि समोरच्या टोपलीकडे बघतोयस. घंटा सुरू झाली, दार उघडेल आता. मी खाली उतरते. थांब, हात घालू नकोस. आधी हा कागद वाच. डावीकडच्या पुढच्या दोन टोपल्यांत कूस आहे, बाकीच्या साध्या आहेत, आईचे डबे माझ्याकडे आहेत. यातलं काय उडवायचं, का काहीच नाही, ते तू सांगशील तसं. आणि पहिली मूठ माझ्यावर टाकायची असेल तर मी रांगेच्या टोकाला उभी आहे, कॉलर उघडी ठेवून.

तुझीच,
कीली