गाल उजेडाकडे

प्रिय वर्षाली,

फोनवरच बोलले असते, पण आई तुला फोन स्पीकरवर टाकायला लावते, म्हणून हे पत्र डब्याच्या पिशवीतून पाठवतेय. एकटी असताना वाच. आत्ताच शिफ्टवरून आलेय, अंगात त्राण नाही, अक्षर सांभाळून घे.

तू विचारलं होतंस, लेझरला नेमकं काय होतं. आधी गालाला बधिर करायचं मलम लावून बसवून ठेवतात. डोळ्यांवर झाकणं. मग रबर ताणून सोडल्यासारखे चटके आणि स्वतःच्याच कातडीचा जळका वास. तो वास कुणी आधी सांगत नाही. तोंड लालबुंद होतं, सुजतं, मग आठवडाभर खपल्या. खाज सुटते, पण हात लावायचा नाही. खपल्या गेल्या की खाली कोवळी, गुलाबी कातडी, तिला ऊन जराही सोसत नाही. चाकणच्या बसमध्ये मी अजून सावलीची बाजू धरून बसते, बायका हसतात, हसू देत बापड्या. एकदा करून भागतही नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. माझे मुरुमांचे खड्डे पुष्कळ भरले, सगळे नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं आधीच सांगितलं होतं.

घात केला तो आमच्या सासूबाईंच्या मायेनं. खपल्या पडल्या-पडल्या मला पाटावर बसवून त्यांनी दूध-हळद चोळली. गाल नुसता पेटला. उजवीकडचा काळा डाग त्याचाच, आपल्या सावळ्या कातडीला तो लवकर धरतो आणि सुटता सुटत नाही. म्हातारी तो बघून अजून हळहळते आणि समजूत मलाच काढावी लागते.

आता तुझं बघ. आईनं तुझ्या लेझरची तारीख अशी घेतलीय की हळदीपर्यंत खपल्या पडतील. म्हणजे त्या कोवळ्या गालावर आख्खं संत तुकाराम नगर हळद फासणार! तिला म्हटलं, तर म्हणे नवरीच्या तोंडाला हळद लावायची नाही तर कुणाच्या? हल्ली भांडायचाही कंटाळा येतो गं.

पण काल तुझ्या नवनाथची आई, सोजराबाई, न सांगता रहाटणीला आमच्या घरी आल्या. मी चहा ठेवायला निघाले तर म्हणाल्या, चहा राहू द्या, आधी तुमचा गाल दाखवा. हनुवटी धरून माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि निरखून पाहिलं. कंपनीत दिवसभर मी दिव्याखाली पार्ट असेच फिरवून बघते, खोट दिसली की बाजूला. बघून झाल्यावर म्हणाल्या, "एवढं आलं तरी चालेल आम्हाला." आणि मी मूर्ख, त्यांना साखर किती ते विचारलं.

राग आला तो नंतर, त्यांची कपबशी विसळताना. म्हणून लिहायला बसले. तुला स्वतःला हवं असेल तर लग्नानंतर थंडीत करू, मी रजा टाकून सोबत येईन आणि कुणाला तुझ्या गालाला बोट लावू देणार नाही. त्यांच्यासाठी करत असशील तर परवाची अपॉइंटमेंट रद्द कर. आणि नवनाथला तोंडावर विचार, त्याच्या आईनं माझा गाल तपासला हे त्याला ठाऊक होतं का. ठाऊक असून तो गप्प राहिला असेल, तर आपल्या आईशी मी बोलेन, लग्न मोडलं तरी बोलेन. त्यांना काय चालेल ते मी ऐकून घेतलंय. ती माणसं तुला चालतील का, तेवढं कळव.

तुझीच,
विजूताई