न दिसणाऱ्या सीलरची हकीकत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे अर्ध्यातूनच स्वीकारावा). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे वाचून तूच ठरव.

गेल्या गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी घाईघाईने ठेवतो म्हणालो, त्याचा तुला राग आला असेल. पण तू म्हणालीस, "अरे, हे तू मागच्या आठवड्यातही सांगितलंस," म्हणून घाई केली. त्यानंतरचे चार दिवस कसे गेले ते सांगण्यासाठी हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर ही ऐकते.

आमच्या घरापुढचं काँक्रीटचं अंगण तुला माहीत आहे. बावीस वर्षांत त्याची पार रया गेली होती. झाडलं की केरापेक्षा वाळूच जास्त निघे, गाडीखाली तेलाचा हा एवढा डाग, आणि पाणी पडलं की बिस्किटासारखं शोषून घेई. पायरीजवळचा कोपरा तर भेगाळून निघायलाच आला होता. निवृत्तीनंतर माझ्या हाताला काम नाही आणि हिच्या डोक्याला शांतता नाही, म्हणून हिनेच मला रंगाच्या दुकानात पिटाळलं. दुकानदार म्हणाला, काँक्रीटमध्ये पाणी शिरू नये म्हणून मारायचे सीलर दोन जातीचे. एक वर चकचकीत थर देतो, पण ओला झाला की त्यावर पाय सटकतो. दुसरा आत मुरतो, बाहेर काहीच दिसत नाही. (आपल्या वयात सटकणं परवडत नाही म्हणून मी दुसरा घेतला. तिथेच फसलो.) वर तो म्हणाला, काका, मारल्यावर काही दिसलं तर समजा काम बिघडलं. मी खूश होऊन दोन कॅन उचलले. काहीच न दिसणाऱ्या कामात चूक तरी कुठून दिसणार, असा माझा हिशेब.

मंगळवारी ब्रशने घासून अंगण धुतलं, दोन दिवस वाळू दिलं, आणि गुरुवारी झाडांच्या फवाऱ्याच्या पंपात सीलर भरून पायऱ्यांपासून सुरुवात केली. दिसायला पातळ दुधासारखा. मारला की फरशी ओली दिसते, थोड्या वेळाने पुन्हा होती तशी. नळापर्यंत पहिला कॅन संपला, त्यात पंपाचं तोंड चोंदलं. मी पंप धुतला (ते पांढरट पाणी झाडांना नको म्हणून अडगळीतल्या तसल्याच एका जुन्या कॅनमध्ये साठवलं, हे लक्षात ठेव), दुसरा कॅन ओतला आणि फाटकाजवळ पोचलो. शेवटचा पट्टा उरला होता, तेवढ्यात तुझा फोन. पाऊण तासाने परत आलो तर सगळं अंगण वाळून एकसारखं राखाडी. कुठवर मारलंय, कुठे राहिलंय, काही कळेना.

हिला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही नळाच्या पुढे गेलातच कुठे? शेजारचे चष्मेवाले गॅलरीतून म्हणाले, मी तुम्हाला फाटकाजवळ पाहिलं, पण ते काल असेल. (चष्मेवाल्यांचं लांबचं जवळ आणि जवळचं लांब, त्यांची साक्ष काय कामाची?) शेवटी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पाणी टाकून बघा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर सीलर मुरलाय, फरशी काळी पडली तर नाही. सोपं. मी तांब्याभर पाणी टाकलं. पायऱ्यांजवळ मोती. फाटकाजवळ काळं.

आता काळ्याला पुन्हा मारावं, तर फरशी ओली, एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी वाटलं, तांब्या तिरका धरला असेल, म्हणून वाटीने पाहिलं. पुन्हा काळं, पुन्हा एक दिवस. तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून चमच्याने टाकत गेलो, नळापासून फाटकापर्यंत सगळं काळं, आणि रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून विचारून गेली, काही पडलंय का. पडलं होतंच. पण काय पडलं होतं ते तिला कसं सांगणार?

कारण ताई, फाटकाजवळ मारल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. डावी चप्पल भिजली होती, ती काढून कठड्यावर ठेवली होती. मग हे झालं होतं की मी मनातच रचलं होतं? तुझं वाक्य कानात वाजत राहिलं. मी कुणाला न सांगता मॅट्रिकच्या वर्गातली हजेरी पहिल्यापासून म्हणून पाहिली. सत्तावीस नंबरावर अडकलो. त्या दुपारी ही जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "असू दे. आपण परत मारू." एकतीस वर्षांच्या संसारात हिने 'असू दे' कधीच म्हटलेलं नाही. मी जास्तच घाबरलो.

काल सकाळी नवीन कॅन आणायला जाण्याआधी रिकामे कॅन बाहेर ठेवावेत म्हणून दारामागे गेलो. एक हलका. दुसरा उचलला तर जड. झाकण उघडलं, आत काठोकाठ सीलर. आणि नळाजवळ पडलेला जुना कॅन कोरडा. मग उजेड पडला. मी फाटकापर्यंतचं अर्धं अंगण, कोपरे न सोडता, पंप धुतलेल्या पाण्याने अगदी मन लावून सील केलं होतं!

ताई, इतका आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता. मी मारलं होतं! चुकीचं मारलं होतं, पण मारलं होतं. आठवण शाबूत, फक्त अक्कल गेलेली, आणि अकलेबद्दल कुणालाच नवल वाटणार नाही. हिला ओरडून सांगितलं. ती पायरीवर बसून हसू लागली, आणि इतका वेळ हसली की शेवटी पदराने डोळे पुसले.

सर्वांना जसे घटतील तसे नमस्कार आणि आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – येत्या रविवारी उरलेलं अंगण मारायचं आहे. भावोजींना पाठव. काम काही नाही, त्यांनी खुर्चीवर बसून मी कुठवर आलो ते खडूने लिहीत जायचं. चहा वेळोवेळी मिळेल.

ता. ता. क. – हिने पत्र वाचलं. आत्ता कुठे सांगते आहे की त्या दिवशी मी पंपाचं तोंड साफ करत असताना, कॅनवर ऊन येतंय म्हणून दोन्ही कॅन दारामागे हिनेच नेले आणि जुना नळाजवळ सरकवला. चार दिवस बोलली नाही, कारण आपण खरंच हलवले की नुसतं मनात आलं होतं, याची तिलाच खात्री नव्हती. विचारायची तिला भीती वाटत होती. तेव्हा तू फोनवर ज्या डॉक्टरांचं नाव काढलं होतंस, त्यांना विचार, जोडीने आलेलं चालतं का. आणि वेळ दोघांची एकच घे.