मधोमध उभा वाघ

चोपडा,
दि. ५ एप्रिल २०२५

चि. सौ. पुनम हीस,

आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. हितेंद्ररावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग, छकुलीला पापा. दात येताना पोरं चिडचिडी होतात, घाबरू नकोस. तू काही कमी गाव गोळा केलं नव्हतंस.

हातात फोन असताना आई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. आमच्या घरच्या फोनचं तुला माहीतच आहे. तो स्पीकरवर असतो आणि तुझे आप्पा शेजारी असतात. आत्ताही आहेत. मी माडीवर बसले आहे आणि ते हातभर अंतरावर खाटेवर. कान्हाच्या जंगलाची हकीकत तुला लिहून पाठवायची हा त्यांचाच हुकूम. फोनवर जंगल सांगता येत नाही म्हणे. “बठ्ठं लिख, काही सोडू नको,” असं दोनदा बजावून झालंय. तेव्हा सगळंच लिहिते.

जबलपूरपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. तो ड्रायव्हर बिचारा जेरीस आला. आप्पांनी आयुष्यभर एस.टी. चालवली, त्यामुळे दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असलं की यांच्या जिवाला चैन नाही. “वळणवर हॉर्न द्या, भाऊ,” “उतारले गियर बदला.” त्याला अहिराणी ओ की ठो कळत नव्हती, म्हणून भांडण झालं नाही.

जंगल मात्र बघावं असं आहे, पुनम. आपल्या सातपुड्यात साग, तिथे सालाची उंच सरळ झाडं. खाली मोहाची फुलं पडलेली आणि ती खायला चितळांचे कळप. बाराशिंगा पहिल्यांदाच पाहिला. शिंगांत गवताचे पुंजके अडकवून मिरवत होता, वरातीतल्या नवरदेवासारखा. मला हसू आवरेना. गवा तर आपल्या गोठ्याच्या दारातून आत येणार नाही एवढा. पहाटेच्या थंडीत उघड्या जीपमध्ये घोंगडी पांघरून बसायचं, आणि कोणी शिंकलं तरी गाईड डोळे वटारणार.

आप्पांचं हे जंगलांचं वेड तुला ठाऊक आहे. घाटातून गाडी नेताना कडेला मोर दिसला, कोल्हा दिसला, तरी मागे पन्नास माणसं बसलेली, थांबायचं कसं? रिटायर झाल्यावर देशातली सगळी मोठी जंगलं पाहीन आणि पाहिजे तिथे थांबीन, असं ते म्हणायचे. मेळघाट झालं, पेंच झालं. मग मध्ये चारेक वर्षं काहीच नाही. आणि या दिवाळीपासून एकदम घाई. डिसेंबरात गीर, फेब्रुवारीत काझीरंगा, आणि गेंड्याच्या गोष्टी सांगून संपल्या नाहीत तोच कान्हा. मी म्हटलं, अहो, जंगलं काय पळून चाललीत? मला वाटलं, म्हातारपणी माणसाला पाय फुटतात.

आता वाघाचं. “वाघ कसा रुबाबमा उभा व्हता, ते लिख,” म्हणताहेत. लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानरं ओरडायला लागली. गाईडने जीप थांबवली. वळणावरच्या झाडीतून वाघ आला आणि रस्त्याच्या मधोमध, अगदी आमच्या समोर उभा राहिला. आपलं अंगण केवढं, तेवढंच अंतर. त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या. मी आप्पांचा हात घट्ट धरला. सगळ्यांचे श्वास अडकलेले, आणि आप्पा माझ्या कानाशी लागून विचारतात, “कोठे शे व?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी बोट दाखवलं. ते त्या बोटाच्या रेषेत, सरळ वाघाच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा कोरा होता. मग त्यांनी मान वाकडी केली. कोंबडी दाणा बघताना करते ना, तशी. एका डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि तोवर वाघ गवतात शिरला होता. “दखायना, दखायना!” म्हणाले, सगळ्यांच्या आधी. जीपमधली सगळी खूश झाली. मी नाही झाले.

पुनम, हे सारं मी त्यांच्या शेजारी बसून कसं लिहिते आहे, हे तुला आता कळलं असेल. त्यांना हे वाचता येत नाही. माझं अक्षर चांगलं भाकरीएवढं मोठं आहे, तरी येत नाही.

दुपारी मी त्यांना धरून बसवलं आणि विचारलं. आधी चष्म्याचा नंबर बदलला म्हणाले. मग काच धुळकट होती म्हणाले. मग खरं सांगितलं. दिवाळीआधी जळगावला मित्राला भेटायला म्हणून गेले होते ना, ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. डोळ्यामागचा पडदा मधोमध खराब झाला आहे, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. जिथे बघावं तिथेच काळा डाग. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायला इंजेक्शनं घ्यायची, आणि गाडी आजपासून बंद, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं. इंजेक्शनाला ते गेलेच नाहीत. आहे तेवढ्यात जंगलं बघून घेतो, असं स्वतःशी ठरवून टाकलं. गीरचा सिंह दिसला होता का, विचारलं. म्हणाले, थोडा. गेंडा? “गेंडा मोठा व्हता ना.” मला हसूही आलं आणि असं रडू आलं की तोंडात पदर कोंबला.

मग माझा हात छकुलीच्या फोटोवर ठेवून त्यांनी शपथ घ्यायला लावली, कोणाला कळता कामा नये. मी घेतली. आज मोडते आहे. त्याचं जे काही व्हायचं असेल ते मला होवो, त्या लेकराचा काय संबंध.

कारण ते गाडी सोडत नाहीत. एस.टी.तला विना-अपघात सेवेचा बिल्ला आपल्या भिंतीवर आहे, त्याला रोज फडकं मारणारा माणूस. किल्ली ठेव म्हटलं की म्हणतात, रस्त्याच्या दोन्ही कडा मला दिसतात, मधलं तू सांग. तू मना कंडक्टर. आणि मी सांगते गं. शेजारी बसून “ट्रॅक्टर आला, बैलगाडी आहे, गतिरोधक” असं सांगत राहते. हातात पैशांची चामडी पिशवी तेवढी नाही. लोकांना वाटतं, काय बाई बडबडी आहे.

मागच्या आठवड्यात शिरपूर रस्त्याला केळीच्या मळ्याजवळ एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. माझं लक्ष क्षणभर फोनकडे गेलं, तुझाच फोन होता. मान वर केली तर बाई समोर. मी किंचाळले, त्यांनी ब्रेक मारला, भारा बॉनेटवर पडला आणि बाई रस्त्यात बसली. लागलं नाही, देवाची कृपा. उठून ती ओरडली, “डोया फुटी ग्यात का रे तुना?” आप्पा हसले आणि तिचा भारा उचलायला उतरले. भारा समोर होता आणि ते त्याच्या शेजारी चाचपत होते. बाईचं तोंड एकदम बंद झालं. तिला कळलं. गाडीत परत बसल्यावर मला म्हणतात, “माले दखायनी व्हती ती.” दिसली होती म्हणे! माझ्याशी खोटं बोलले, पुनम.

आणि आता अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आली. छकुलीची पहिली आखाजी. लेकीला आणायला मुऱ्हाळी म्हणून मीच शिंदखेड्याला येणार आणि माझ्याच गाडीतून आणणार, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं आहे. उन्हाने बाळाला त्रास नको म्हणून मागच्या काचेला पडदा शिवून घेतलाय, छोट्या हत्तींचा. बाप मुऱ्हाळी होऊन दारात आला आणि लेक त्याच्याबरोबर निघाली नाही, तर शिंदखेड्यात काय बोलतील आणि आप्पांना काय वाटेल, हे मला कळतं. तरी लिहिते: आप्पांच्या गाडीत बसू नकोस. छकुलीला बसवू नकोस.

आधी विचार केला, ताप आला असं सांग म्हणावं. पण त्याने एक दिवस निभेल. त्यापेक्षा ते आले की तू सरळ किल्ली माग. तुझ्या हट्टापुढे ते नेहमी वाकले आहेत. माझं ऐकत नाहीत.

थांब, ते विचारताहेत, काय लिहिलं, वाचून दाखव.

वाचलं. वाघ, मोह, बाराशिंगा, सगळं वाचलं, आणि जे नव्हतं तेही घातलं. वाघाने आमच्याकडे बघून जांभई दिली असं सांगितलं. खूश झाले. “मीबी सही करस,” म्हणाले. मी कागद पुढे केला, पेन हातात दिलं. मान वाकडी करून कागदाची कड बघितली आणि ठोकून सही केली. रुपचंद. खाली जागा होती, पण सही वरच पडली. गाडीत बसू नकोस, त्या ओळीवर. तुला दिसेलच. मी पान उलटून पुढे लिहिते आहे.

आता ते किल्ली घेऊन उठले. पत्र पोस्टात टाकून येऊ म्हणतात. पायी जाऊ म्हटलं, तर ऊन आहे म्हणाले. खाली गेलेत. गाडी चालू केली. हॉर्न वाजला, मला बोलवायला.

पुनम, इतका वेळ मी तुझ्यावर ढकलत होते. पण मी शेजारी बसते म्हणूनच ते चालवतात. मी सांगितल्याशिवाय त्यांना फाटकाबाहेर पडता येणार नाही.

परत हॉर्न. मी उठले नाही. एकटेच निघाले तर, असा विचार मनात येतो. तरी मी उठत नाही.

आता खूप वेळ हॉर्न नाही. इंजिन बंद झालं. दार लावल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजताहेत, कठड्याला धरून. ते वर येताहेत.

तू आखाजीला ये. बसने ये.

तुझी,
आई