तिसरी हाक

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला पाहिलेलं माणूस या घरात मी एकटीच उरले आहे. नातवंडं तुमच्याविषयी विचारतात. मी सांगते, वऱ्हाडाचा कारभार नागपूरकडून चालायचा त्या काळात माझे आजोबा बुलढाण्याला कचेरीत पट्टेवाले होते, आणि त्यांचा आवाज असा, की खाली पेठेतली माणसं मान वर करायची. पोरं खूश होतात. त्या आवाजातल्या एका हाकेबद्दल मात्र मी कधी कुणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही.

तुमचं काम पुकाऱ्याचं. साहेबांनी कागद उचलला की नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही तर दावा खारीज. पहिली हाक तुम्ही दारातून मारायचात, दुसरी व्हरांड्यातून, आणि तिसरीच्या आधी तुमचं काहीतरी निघायचंच. कधी फेटा सैल झालेला, कधी चपलेचा अंगठा तुटलेला. "लोकं दोन-दोन दिस वाट तुडवून येतेत पोरी, त्याईले घडीभर तं दम खाऊ द्या लागते ना," असं तुम्ही घरी दुधात भाकरी कुस्करताना म्हणायचात. साहेबांनाही हे ठाऊक असावं. तेवढा वेळ ते कागदातून डोकं वर काढत नसत. आई गेल्यापासून मला तुम्हीच वाढवलंत. सकाळी वेणीसुद्धा तुम्हीच घालायचात, आणि ती अशी आवळून, की दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायचं. शाळेत पोरी हसायच्या. मी तुमच्यावर रुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्यापुढे पाठ करून बसायची.

मी नऊ-दहा वर्षांची असताना तुमची नजर अधू झाली. कचेरीत कळलं तर नोकरी जाईल, म्हणून तुम्ही ते लपवलंत आणि शाळा सुटल्यावर मला पायरीवर बसवू लागलात. तिसऱ्या हाकेआधी हळूच विचारायचात, "पाय बरं, वाटेवर कोनी येऊन राह्यलं काय?" मी पाहून सांगायची.

ती भोगीची दुपार. दुसऱ्या दिवशी संक्रांत. मला कासाराकडे बांगड्या भरायला न्यायचं तुम्ही कबूल केलंय, शेवटचा दावा उरलाय, आणि मी पायरीवर चुळबुळतेय. जानेफळच्या एका विधवेचं नाव तुम्ही दोनदा पुकारलंय. दिरानं तिचं वावर बळकावलं, त्याचा तो दावा. तुम्ही फेटा सोडून पुन्हा बांधताय. "कासार जाईन ना आबा!" मी म्हणते. तुम्ही हसता. "जाते कुठं थो? आधी वाट पाय." मी पाहते. वळणावरून एक बाई पळत येतेय, डोक्यावर गाठोडं, एक हात उंच केलेला. ती आली की दिराचा वकील बोलत बसणार, दिवेलागण होणार, कासार उठून जाणार. "कोनी नाही," मी म्हणते. तुम्ही तिसरी हाक मारता.

ती आवारात पोचली तेव्हा साहेब उठून गेले होते. मोटार चिखलीला बंद पडली, म्हणून ती तिथून चालत आली होती. ती रडली नाही, नुसती तुमच्या पायांपाशी खाली बसली. तुम्ही तिला पाणी दिलंत. मग शब्द दिला होता म्हणून मला कासाराकडे नेलंत, आणि वाटेत एवढंच म्हणालात, "माह्ये डोळे गेले अन् त्या माउलीचं वावर गेलं." माझ्यावर एक शब्द नाही. इतक्या लांबचं पोरीला काय दिसणार, असंच तुम्ही धरून चाललात. पुन्हा दावा लावायची ताकद तिच्यात नव्हती. महिन्याभरात तुम्ही डोळ्यांचं कबूल करून पट्टा साहेबांच्या टेबलावर ठेवलात. पुढची सगळी वर्षं हातांनी चाचपत बाजा विणल्यात. माझी शाळा, माझं लग्न त्याच बाजांवर झालं.

त्याच वर्षीच्या दिवाळीपासून दर भाऊबीजेला लुगडं घेऊन तुम्ही जानेफळला जायचात. मी हात धरून न्यायची. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची, पण त्या दिवशी घरी थांबून तुम्हाला ओवाळायची. मी तिला आत्याआजी म्हणू लागले. माझ्या लग्नाआधीच्या भाऊबीजेला तुम्ही ओसरीवर लवंडला होतात आणि मी आत चुलीपाशी होते. माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, "म्या हात केला तवा तू माह्याकडंच पाहून राह्यली होती."

मला रडू फुटलं. आत्ताच आबांना सांगते म्हणून उठले. तिनं मनगट धरलं. "सांगू नोको. वावर गेलं थे गेलं, भाऊ तं भेटला. त्याले समजलं तं थो कोन्या तोंडानं येईन इथं? अन् तुह्यावर जीव हाये त्याचा. थे बी मोडशीन काय?"

मी बसले. त्यानंतरही तुम्ही पुष्कळ जगलात, आणि शेवटच्या आजारातही तिच्या वावरापायी स्वतःलाच दोष देत गेलात. मी उशाशी होते. मला बोलता आलं असतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. पोरांच्या हाती लागण्याआधी फाडून टाकीन. आत्याआजीनं अडवलं म्हणून गप्प राहिले, असं मी आजवर मनाला सांगत आले. पण आबा, ती "सांगू नोको" म्हणाली, तेव्हा मला फार बरं वाटलं. मी डोळे पुसले, तुमच्या शेजारी पानावर बसले आणि पोटभर जेवले.