झाकणावर नसलेला रिले

अमरावती, १४ मे

बाबा, तुमच्या वर्षश्राद्धानंतर या वहीत तुम्हाला लिहिणं सुटलं, ते आठ वर्षं सुटलंच. माफ करा. आज लिहितेय, तेही रागानं.

आईच्या डोळ्यातल्या इंजेक्शनची आज तारीख होती. अकोल्याचे डॉक्टर एकपर्यंतच बसतात, आणि इंजेक्शन चुकलं तर गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांनी मागच्या खेपेला बजावलं होतं. तुमचीच गाडी काढली. बडनेरा मागे पडलं आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिन तापल्याचा काटा वर चढला. बाभळीखाली थांबून बॉनेट उघडते, तर रेडिएटरचा पंखा बंद. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा आहे, तो वाचला. पंख्याचा फ्यूज शाबूत होता, म्हणून त्याचा रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारी डबी, उपसून त्या जागी हॉर्नचा बसवला. दोन्ही सारख्याच काळ्या डब्या. पंखा ढिम्म. पुन्हा काढला, पुसला, बसवला. असा पाऊण तास गेला. आई मागच्या सीटवरून विचारतेय, "काय करून राहिली वं?" आणि मी म्हणतेय, "तू आत बस, ऊन आहे."

शेवटी ती उतरलीच. "पंख्याची डबी तिथं कुठं पाह्यतं? ते जागा जळली होती ना. तुह्या बाबानं नवी बॅटरीच्या मांगं बसवली, जुनी तशीच राहू देली. मीच टार्च धरून उभी होती."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"मले इचारलं काय तू?"

मी नको नको म्हणत असताना तिनं बॅटरीमागे हात घातला, चाचपडली आणि बरोबर रिलेवर बोट ठेवलं. हॉर्नचा रिले तिथं लावल्याबरोबर पंखा फिरला. तोवर एकला दहा कमी होते, आणि अकोला अजून तासाभरावर.

जन्मभर लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलंत, आणि स्वतःच्या गाडीत एवढा बदल करून झाकणावर पेनानं एक फुली मारली नाहीत! कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा मी कोरी वही आणून दिली होती, कुठं काय ते लिहून ठेवा म्हणून. तुम्ही ती शेजारच्या पोरीला देऊन टाकलीत. "ज्याची गाडी त्याले ठाऊक असते," म्हणालात. आता गाडी कोणाची, बाबा?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकते. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी म्हणाले, आईला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. आई शेजारीच बसली होती. घर येईपर्यंत मला तिच्याकडे पाहवलं नाही. तुमच्यावर रागावणं त्यापेक्षा सोपं वाटलं.

उद्या: दवाखाना उघडताच फोन करून खरं कारण सांगणे, लवकरची तारीख मागणे.